रोह्याचे सी. डी. देशमुख आणि मराठी ग्रंथसूचीतला सर्च

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांबद्दल आणि इथल्या माणसांबद्दल आजवर जे काही छापलं गेलंय, त्याची एक सूची आम्ही काही जण मिळून करतोय. पुस्तकं, गॅझेटियर, मासिकांतले लेख, स्मरणिका, सरकारी अहवाल, जे हाती लागेल ते. त्यातलं सर्चचं काम माझ्याकडे आहे. सर्च नीट चालतोय का हे बघायला कसोटीला एक माणूस लागतो. त्याच्या नोंदी भरपूर हव्यात, दोन-तीन भाषांत विखुरलेल्या हव्यात, आणि त्याचं आयुष्य आपल्याला बऱ्यापैकी माहीत हवं. नाहीतर सर्चमधून काय सुटलं हे कळणार कसं?

मी चिंतामणराव देशमुख निवडले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. रोहेकरांना वेगळं सांगायला नको. पण त्यांच्या आयुष्याचा प्रत्येक टप्पा सर्चसमोर एक नवा प्रश्न टाकतो, आणि मराठीत सर्च बनवणाऱ्या प्रत्येकाला यातले बरेचसे प्रश्न कधी ना कधी पडतातच. म्हणून चरित्र आणि तंत्र दोन्ही एकत्रच सांगतो.

गावांच्या नावांची गंमत

जन्म १४ जानेवारी १८९६, गाव नाते. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना लागतं ते. देशमुखांचं घर रोह्याचं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख तिथे वकिली करत. चिंतामणरावांचं बालपण कुंडलिकेच्या काठी, रोह्यात गेलं.

इथेच पहिला अडथळा. जन्मगाव म्हणून 'नाते' टाकलं की पती-पत्नीचं नातं, आई-मुलीचं नातं, माणूस आणि निसर्गाचं नातं अशी पुस्तकं समोर येतात. यात सर्चचा दोष नाही, शब्दच तो आहे. उपाय असा की गावाचं नाव शीर्षकाच्या शब्दांत मिसळू द्यायचं नाही. स्थळासाठी वेगळं फील्ड ठेवायचं आणि 'नाते (गाव, ता. महाड)' अशी पूर्ण नोंद करायची. ग्रंथालयांच्या मार्क २१ या नमुन्यात विषय म्हणून येणाऱ्या स्थळाला ६५१ क्रमांकाचं फील्ड आहेच. ते भरायचा कंटाळा केला जातो, एवढंच.

मग विभक्ती. 'पेणचा', 'पेणला', 'पेणमधलं' यांतून प्रत्यय काढला की पेण उरतं. सोपं काम. रोहा मात्र आकारान्त. 'रोह्याचा' मधून 'चा' काढला तर 'रोह्या' उरतं, आणि 'रोह्या' नावाचं गाव जगात कुठेच नाही. म्हणजे प्रत्यय काढल्यावर सामान्यरूपावरून मूळ रूपाकडे जाण्याचा आणखी एक नियम लागतो. बरं, तोच नियम 'नात्याचा' ला लावला तर त्यातून नाते निघेल, नातं निघेल, की नाता? मशीनला काय कळणार!

ल्यूसीन हे सर्चचं इंजिन बऱ्याच ठिकाणी आतून वापरलं जातं. त्यात हिंदीसाठी तयार नियम आहेत, आणि लिपी एकच म्हणून ते मराठीला लावायचा मोह होतो. पण हिंदीत 'रोहा में' असं प्रत्यय सुटा लिहितात आणि मराठीत 'रोह्यात' असा चिकटवून. लिपी एक असली तरी व्याकरण वेगळं, त्यामुळे हिंदीचे नियम इथे अर्ध्या वाटेतच सोडून देतात. आम्ही शेवटी स्थळनामांची छोटी यादी केली आणि प्रत्येक गावापुढे त्याचं सामान्यरूप हातानेच लिहिलं. दोन तालुक्यांपुरतं हे जमतं. अख्ख्या महाराष्ट्रासाठी हाताने करणं कठीण आहे, पण अशक्य नाही असं माझं मत आहे.

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालणारा सर्च, ज्याला फझी म्हणतात, तो तर छोट्या नावांचा वैरीच. एका अक्षराचा फरक चालेल असं सांगितलं की पेणबरोबर पेन येतं आणि नाशिक जिल्ह्यातलं पेठही येतं. रोह्याबरोबर नांदेडकडचं लोहा येतं. वर 'कोहा' येतं ते वेगळंच. ते न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ग्रंथालयशास्त्रावरच्या लेखांत त्याचं नाव सारखं येतं. म्हणून अशा नावांसाठी ही सूट बंद ठेवायची आणि पेन-पेणसारख्या ज्या चुका खरोखर होतात तेवढ्याच हाताने जोडून द्यायच्या.

एक माणूस, किती नावं?

मुलगा हुशार म्हणजे किती? १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यालाच. पुढे केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र हे विषय. वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. १९२० मध्ये रोझिना सिल्कॉक्स यांच्याशी लग्न करून ते परतले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरीला लागले. तिथेच जवळजवळ दोन दशकं गेली.

या काळातल्या नोंदी सगळ्या इंग्रजीत, आणि नाव 'देशमुख, सी. डी.'. मराठी पुस्तकांत हाच माणूस चिंतामणराव. कुठे चिंतामण द्वारकानाथ, कुठे चिं. द्वा., कुठे डॉक्टर. १९४४ मध्ये सर किताब मिळाल्यावर काही ठिकाणी सर चिंतामण. जुन्या छपाईत अनुस्वाराऐवजी 'न्' घेऊन चिन्तामण. यातलं सगळ्यात वाईट रूप म्हणजे 'सी. डी.', कारण ती इंग्रजी आद्याक्षरं मराठीत लिहिलेली आहेत. नाव सुरू होतं 'चिं' ने आणि आद्याक्षर म्हणायचं 'सी'! अकारविल्हे लावलेल्या कार्डांच्या खणात ती दोन कार्डं पार वेगवेगळ्या टोकांना जाणार. मशीनने यांचं नातं स्वतःहून ओळखावं अशी अपेक्षाच चुकीची.

यावरची युक्ती ग्रंथपालांना संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. एक प्रमाण नाव ठरवायचं, आणि बाकीची सगळी रूपं त्याच्याकडे बोट दाखवणारी ठेवायची: 'सी. डी. देशमुख, पाहा: देशमुख, चिंतामण द्वारकानाथ'. मार्कमध्ये व्यक्तीची ही स्वतंत्र नोंद असते. तिच्यात १०० क्रमांकाला प्रमाण नाव आणि ४०० ला पर्यायी नावं. वाचक काहीही टाइप करो, सर्च आधी या नोंदीत डोकावतो आणि मग प्रमाण नावाने पुस्तकं आणतो.

उलटी अडचण आणखी नाजूक आहे. नागपूरला तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक होते, डॉ. चक्रधर देशमुख, मेहेरबाबांच्या प्रवचनांचे संपादक. त्यांचीही आद्याक्षरं सी. डी.! आणि आपले चिंतामणरावही ऐन उमेदीच्या काळात त्याच नागपूरच्या प्रांतात. नुसतं नाव जुळलं म्हणून दोन नोंदी एक केल्या तर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या नावावर मेहेरबाबांची पुस्तकं जमा होणार. नोंदी एकत्र करणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणून आम्ही सक्त ताकीद दिलीय: जन्मवर्ष किंवा पूर्ण नाव जुळल्याशिवाय आद्याक्षरांवर कोणालाही एक करायचं नाही.

पेणकडचं उदाहरणही असंच आहे. विनोबा जन्मले पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ ला. नाव विनायक नरहरी भावे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ठाण्याचे भावे म्हणजे विनायक लक्ष्मण. सूचीत दोघेही 'भावे, वि.' असे लिहिलेले आढळतात. मधलं आद्याक्षर गेलं की भूदान आणि प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास एकाच माणसाच्या खात्यावर.

कुलाबा की रायगड?

१९३९ मध्ये चिंतामणराव रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर झाले आणि जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते भारताच्या शिष्टमंडळात होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. फाळणीनंतर दोन देशांत चलनाची आणि बँकेची वाटणी झाली तेव्हाही तेच गव्हर्नर. १९५० मध्ये अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर गेले ते आपल्याच जिल्ह्यातून. मतदारसंघ: कुलाबा.

आता शाळेतली एखादी मुलगी प्रकल्पासाठी शोधते, रायगड जिल्ह्याचे पहिले खासदार. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये. त्याआधीचं सगळं छापील साहित्य कुलाबा म्हणतं: १८८३ चं गॅझेटियर, स्वातंत्र्यानंतर निघालेलं गॅझेटियर, निवडणुकीची आकडेवारी, सगळं. सर्चला हे माहीत नसेल तर तिला वाटणार की जिल्ह्याला १९८१ पूर्वीचा इतिहासच नाही. मला या अख्ख्या कामात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. पुस्तक कपाटात आहे, नोंदही केलेली आहे, आणि तरी ज्याच्या गावाबद्दल ते आहे त्यालाच ते सापडत नाही.

मग कुलाबा म्हणजेच रायगड असं जोडून टाकायचं का? तेही चालत नाही. मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबा आहे आणि रायगड हा मुळात किल्ला आहे. सरळ जोडणी केली तर जिल्ह्याच्या शेतीबद्दल विचारणाऱ्याला शिवराज्याभिषेक आणि कुलाब्याचा बाजार दोन्ही दिसतील. त्यामुळे जोडणी शब्दांची करायची नाही, स्थळांची करायची. 'कुलाबा जिल्हा' ही एक नोंद, 'रायगड जिल्हा' ही तिचीच पुढची नोंद, आणि दोघींना काळाची मर्यादा. किल्ला वेगळा, मुंबईतला भाग वेगळा. वाचकाने नुसतं रायगड टाकलं तर आमचा सर्च बाजूला विचारतो: जिल्हा, की किल्ला? वाचकाला एक क्लिक जास्त पडते, पण पानभर भलतंच चाळण्यापेक्षा ते बरं.

चिंतामणरावांच्या आयुष्यातलं मराठी माणसाला सर्वात लक्षात राहिलेलं पान १९५६ चं. मुंबईला महाराष्ट्रापासून वेगळं ठेवण्याच्या केंद्राच्या निर्णयाला विरोध म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. यावर लिहिलं गेलं पुष्कळ, पण बहुतेक पुस्तकांच्या शीर्षकात संयुक्त महाराष्ट्र असतं, देशमुख नसतात. खुद्द त्यांचं आत्मचरित्र 'द कोर्स ऑफ माय लाइफ' (१९७४). नाव बघून कुणाचं आयुष्य ते कळत नाही. त्यांनी १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या आणि समाजकार्यात त्यांचं नाव मोठं. त्यांचं पुस्तक 'चिंतामण अँड आय' (१९८०). यात नाव आहे तर आडनाव नाही, आणि आडनाव आहे ते लेखिकेचं! म्हणून पुस्तक लिहिणारा आणि पुस्तक ज्याच्याबद्दल आहे तो, ही दोन फील्डं वेगळी हवीत: मार्कमध्ये १०० आणि ६००. शोधणाऱ्यालाही 'यांनी लिहिलेलं' आणि 'यांच्याबद्दलचं' असे दोन पर्याय समोर दिसायला हवेत. लहानशी सोय आहे, पण आमच्या सूचीत लोक सगळ्यात जास्त तीच वापरतात.

रंगनाथन यांची समिती

इथून पुढचा भाग बहुतेक चरित्रांत दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो मोठा वाटतो.

मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, १९६१ पर्यंत. त्यांच्या कारकिर्दीत, १९५७ मध्ये, आयोगाने विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते शि. रा. रंगनाथन. मूळचे मद्रासचे गणिताचे शिक्षक, पुढे विद्यापीठाचे ग्रंथपाल. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे हा त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक नियम. १९३३ मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण छापलं. त्यातली कल्पना अशी, की पुस्तकाला झाडाच्या एकाच फांदीवर टांगायचं नाही. त्याचे पैलू वेगळे काढायचे: मुख्य विषय कोणता, पदार्थ किंवा साहित्य कोणतं, क्रिया कोणती, जागा कुठली, काळ कुठला. मग हे पैलू जोडून त्याचा क्रमांक तयार करायचा.

समजा पुस्तक आहे कुलाबा जिल्ह्यातल्या मिठागरांच्या कामगारांवर. जुन्या पद्धतीत ग्रंथपालाने ठरवायचं: हे उद्योगात ठेवू, कामगारांत ठेवू, की कोकणात? एका जागी ठेवलं की दुसरीकडून येणाऱ्याला ते दिसत नाही. पैलू पद्धतीत कुठूनही आत शिरता येतं. ऑनलाइन दुकानात साडी शोधताना आपण रंग, कापड, किंमत असे फिल्टर लावतो, तो याच विचाराचा आजचा अवतार. आमच्या सूचीतही डाव्या बाजूला तेच आहे: व्यक्ती, गाव, काळ, भाषा, प्रकार.

संगणकाशीही चिंतामणरावांचा संबंध येतो, तोही सरळ. १९४५ पासून १९६४ पर्यंत ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची ही संस्था. देशातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक, एचईसी-२एम, तिथे कोलकात्यात १९५६ मध्ये चालू झाला. आणि १९६२ मध्ये याच संस्थेच्या छत्राखाली रंगनाथन यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं. वर्गीकरण, विषयसूची आणि माहिती शोधण्याच्या पद्धती, हाच तिथला अभ्यास. या केंद्राचं श्रेय रंगनाथन यांचं, यात वाद नाही. पण आयोगात आणि संस्थेत, दोन्हीकडे वरच्या खुर्चीत रोह्याचा माणूस होता, आणि ग्रंथालय हा विषय त्याने किरकोळ मानला नाही.

मराठीत अशी पायाभूत कामं झालीच नाहीत असं मात्र नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, पुढे १९५० पर्यंतची. संगणक नाही, कसलं अनुदान आधी हातात नाही, तरी विषयवार वर्गीकरण केलेलं. आमच्या सूचीतल्या जुन्या नोंदी तपासताना आजही दात्यांकडेच जावं लागतं.

शेवटचं पुस्तक

संस्कृत चिंतामणरावांनी कधी सोडलं नाही. मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला, गांधीजींच्या विचारांना संस्कृत श्लोकांत आणलं. १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, १९७५ मध्ये पद्मविभूषण. आणि उतारवयात, हैदराबादला राहत असताना, हातात घेतला अमरकोश. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९८१ मध्ये आलं, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी.

अमरकोश आपल्याकडे पाठ करण्याची गोष्ट समजली जाते. सर्चवाल्याने तो जरा वेगळ्या नजरेने बघावा. तो अकारविल्हे लावलेला नाही, विषयवार लावलेला आहे. स्वर्ग, काळ, भूमी, नगर, वनस्पती असे वर्ग, आणि प्रत्येक वर्गात एकाच वस्तूची सगळी नावं एकत्र. एक नाव टाकलं की बाकीची नावंही शोधायची, याला आज समानार्थी विस्तार म्हणतात. पुढे तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग येतो: एकच शब्द, पण अर्थ अनेक. म्हणजे चिंतामण, सी. डी., चिं. द्वा. हा प्रश्न पहिल्या प्रकारचा, आणि नाते, कुलाबा, 'भावे, वि.' हा दुसऱ्या प्रकारचा. अमरसिंहाने दोन्हींसाठी वेगळी सोय केली होती. आम्हीही दोन्हींसाठी दोन स्वतंत्र तक्ते ठेवलेत, कारण एकाच तक्त्यात दोन्ही कोंबलं की एक सुधारताना दुसरं बिघडतं.

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, पवनारला विनोबा. आमच्या सूचीत मृत्युवर्ष १९८२ असा फिल्टर लावला की गागोद्याचे भावे आणि रोह्याचे देशमुख एकाखाली एक दिसतात. अमरकोशावरच्या त्या पुस्तकाची नोंद कुठे ठेवायची यावर आमच्यात बराच वाद झाला. कोणी म्हणे कोश, कोणी म्हणे संस्कृत, कोणाचा आग्रह की स्थानिक लेखकांत. सध्या ती तिन्हीकडून सापडते.